उलट्या पाटीनंतरचे सात सेकंद

१

शनिवारी सकाळी आठ वाजता ध्वनिमुद्रणशाळेतलं कपाट उघडलं, तेव्हा एकशे चौदा नंबरचं खोकं अगदी जागच्या जागी होतं. झाकण घट्ट लावलेलं, वर ध्वनिमुद्रक अनातोलच्या किरट्या अक्षरात ‘शेवटचा प्रसंग. हात लावू नये’ अशी तंबी. आतली टेप तेवढी नव्हती.

साडेनऊला एर्मीन कोलार धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचली, तोवर तिथे नुसता शिमगा चालला होता.

“पुसलीस! पुन्हा पुसलीस आणि कॅनॉलमध्ये फेकून दिलीस!” दिग्दर्शक गॉबेर ओरडत होता. पिक्चर त्याचंच, पैसाही त्याचाच, त्यामुळे ओरडायचा हक्कही दुप्पट. “गेल्या वर्षी एक टेप पुसलीस, मी पोटात घातलं. आता नाही.”

“मस्यू गॉबेर, काल सहा वाजता मी स्वतः खोकं उघडून पाहिलंय,” अनातोल म्हणाला. एकसष्ट वर्षांचा माणूस, त्यातली तीस वर्षं कानाला हेडफोन लावून गेलेली. “टेप होती.”

“मग काय पाय फुटले तिला?”

पिक्चरचं नाव ‘तीन वेळा नाही’. नायक तीनदा मागणी घालतो, नायिका तीनदा ठोकरते, आणि शेवटी कॅनॉलचं पाणी अडवणाऱ्या दरवाज्यावर, उगवत्या उन्हात, चौथ्यांदा... हा शेवटचा प्रसंग गुरुवारी पहाटे एकाच दमात घेतलेला. नायिका ल्युसेत आर्मेल त्यात मूळ लांबलचक भाषण सोडून एकच वाक्य बोलली होती: “तीनदा नाही म्हटलं, कारण चौथ्यांदा कुणी विचारतं का, ते बघायचं होतं.” नंतर म्हणे टाळ्यांच्या कडकडाटात कुणाचं काही ऐकू येईना, आणि काठावरचे दिवेवाले नाक पुसत होते. शुक्रवारी ल्युसेत बोटीत बसून अर्जेंटिनाला गेली, चार महिन्यांच्या नाटकाच्या दौऱ्यावर. पडद्यावर तिचे ओठ हलत होते आणि आवाज गायब होता.

एर्मीनला बोलावलं होतं ते ओठांसाठीच. परदेशी चित्रपटांना फ्रेंच आवाज देताना पडद्यावरच्या माणसाचे ओठ कधी मिटले, कधी उघडले, याच्या खुणा पेन्सिलीनं एका लांब पट्टीवर करायच्या, हा तिचा पंचवीस वर्षांचा धंदा. बाप सूतगिरणीत यंत्रांच्या खडखडाटानं ठार बहिरा झालेला, तेव्हा घरात सगळी पोरं आधी ओठ वाचायला शिकली आणि मग अक्षरं.

“मादाम एर्मीन, तुम्ही खुणा करा,” गॉबेर म्हणाला. “सोमवारी दुसऱ्या नटीचा आवाज चिकटवतो. आणि हे पत्र,” त्यानं कोटाच्या खिशावर थाप मारली, “चारच्या टपालानं जाणार. ह्याचं कामाचं कार्ड रद्द करा, असं लिहिलंय मी.”

कार्ड गेलं की फ्रान्समधल्या कुठल्याही स्टुडिओत अनातोलला कुणी दारातसुद्धा उभं करणार नव्हतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. एर्मीनचं पहिलं काम याच माणसानं मिळवून दिलं होतं.

“चार वाजेपर्यंत थांबाल ना?” तिनं विचारलं.

“चारला एक मिनिट कमी असतानासुद्धा थांबेन. पण टेप हवी!”

२

अनातोल जिन्यात बसला होता. एर्मीननं पिशवीतला सॉसेज भरलेला पाव अर्धा मोडून त्याच्या हातात कोंबला.

“खा आधी. आणि सांग, ती टेप कुणी कुणी ऐकली?”

“तिघांनी. काल सकाळी. एक तो रेमी, आपला नायक. ऐकलं आणि आकांडतांडव केलं, म्हणे माझा आवाज बोकडासारखा येतोय, जाळून टाका ती टेप.”

“अगं बाई! असं म्हणाला?”

“सगळ्यांसमोर. दुसरे ओक्ताव्ह मेरिन्याक.”

ओक्ताव्ह म्हणजे संवादलेखक. अडुसष्ट वर्षांचा म्हातारा, पण अजून त्याच्या नावावर थिएटरबाहेर रांगा लागत. पडद्यावर त्याचं नाव नायकाच्या नावाइतकंच मोठं येई.

“त्यांनी हेडफोन लावला, मान डोलावली, ‘वा, वा, अप्रतिम’ म्हणाले,” अनातोल सांगू लागला आणि एवढ्या दुःखातही त्याला हसू फुटलं. “मी अजून बटण दाबलंच नव्हतं गं! मोठी माणसं, आधीच खूश.”

“आणि तिसरं?”

“त्यांची टायपिस्ट, मादमोआझेल ज्युस्तीन. बावीस वर्षं आहे त्यांच्याकडे. संवादांची यादी टाइप करायला ऐकायचंच असतं तिला. तिनं मात्र शेवटपर्यंत ऐकलं, अगदी टेप सुटेपर्यंत; मीसुद्धा त्या दिवशी प्रसंग संपताच हेडफोन काढला होता. काल साडेसहाला ती आणि ओक्ताव्ह कागद द्यायला परत आले होते. मी तेव्हा तळघरात होतो.”

“आणि रेमी?”

“तो साडेपाचलाच गेला. रात्री नाटक होतं त्याचं, पूर्ण अंक त्याच्याच गळ्यात.”

म्हणजे सहानंतर तो रंगभूमीवर, आठशे साक्षीदारांसमोर. बोकड निर्दोष सुटला.

एर्मीन पाव चावत विचार करत होती. एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. “अनातोल, समज तुला त्या टेपमधला एखादा तुकडा लपवायचा असता, तर तू काय केलं असतंस?”

“कात्री घेतली असती. टच टच, दोन काप, चिकटपट्टी. कुणाच्या बापाला कळलं नसतं.”

“योलांदनं काय केलं असतं?” योलांद म्हणजे संकलक, फिल्म कापणारी, जोडणारी.

“तेच. झोपेतसुद्धा करेल ती.”

“मग ज्यानं अख्खीच्या अख्खी टेप नेली, त्याला कात्री चालवताच येत नव्हती!” एर्मीन एकदम उठली. पावाचे कण सगळ्या जिन्यावर उडाले. “तो आपल्यातला नाहीच. ऊठ रे, तोंड धू. तुम्ही कात्रीवाले सगळे सुटलात यातून!”

“गॉबेरला सांग ते,” अनातोल म्हणाला. तोंड धुवायला मात्र गेला.

३

ओक्ताव्ह मेरिन्याक दुपारी बाराला समोरच्या कॅफेत कोपऱ्यातल्या टेबलाशी जेवायला बसतो, हे साऱ्या मोहल्ल्याला माहीत होतं. पाठ भिंतीला, तोंड माणसांकडे. शेजारी ज्युस्तीन. पन्नाशीची, करड्या पोशाखातली, बाहीवर कार्बनचा निळा डाग.

“बसा, बसा!” ओक्ताव्ह खुशीत म्हणाला. “ओठवाल्या बाई ना तुम्ही? चोर सापडला का?”

“त्यासाठीच आले. मस्यू, ते शेवटचं वाक्य काय लिहिलंत हो! गॉबेर सांगत होते, ल्युसेत त्यांना म्हणाली, आदल्या रात्री तुम्ही तिला चिठ्ठी पाठवलीत.”

ओक्ताव्हच्या भुवया वर गेल्या. “मी? छे! मी तर दीड पानाचं भाषण लिहिलं होतं. ते वाक्य ल्युसेतच्याच मनाचं. ज्युस्तीननं सांगितलं मला.” मग त्यानं काटा खाली ठेवला. हळूच म्हणाला, “माझं असतं तर बरं झालं असतं. दोन दिवस डोक्यातून जात नाही.”

ज्युस्तीन पावाचा मऊ भाग मळत बसली होती. त्याच्या लहान लहान गोळ्या होत होत्या.

एर्मीननं कान टवकारले. नटी म्हणते वाक्य लेखकाचं. लेखक म्हणतो नटीचं. वाक्य काय आभाळातून पडलं?

तिनं रुमालानं तोंड पुसायला घेतलं आणि रुमाल ओठांवर तसाच धरून विचारलं, “मस्यू, जरा मीठ सरकवता?”

“हो ना,” ओक्ताव्ह जोरात हसून म्हणाला, “जूनमध्ये एवढा उकाडा कधी पाहिला नव्हता!”

ज्युस्तीननं पटकन मीठ पुढे केलं. तिच्या डोळ्यांत एवढी विनवणी होती, की एर्मीननं नुकत्याच आलेल्या अंड्यावर मीठ घातलं. वडिलांच्या मागे गेलेलं सगळं लहानपण तिला त्या एका क्षणात आठवलं. मान डोलावणं, आधीच हसणं, पाठ भिंतीला लावून बसणं. ओक्ताव्हला ऐकू येत नव्हतं. ज्याचं सारं नाव लोकांच्या बोलण्यावर उभं, त्याला लोकांचं बोलणंच ऐकू येत नव्हतं, आणि ही बाई त्याच्यासाठी सगळी कॅफे ऐकत होती.

“तुम्ही गुरुवारी पहाटे कॅनॉलवर होता का, मादमोआझेल?” एर्मीननं विचारलं.

“मी? नाही बाई. घरी झोपले होते.”

“बरं. बिचाऱ्या अनातोलचं मात्र वाटोळं होणार. चारला पत्र जातंय. आवाजाची ती एकच टेप होती.”

ज्युस्तीनचा काटा बशीत पडला. “एकच? म्हणजे... दुसरी प्रत नाही?”

“कुठली प्रत? प्रत सोमवारी काढणार होते.”

“पण प्रत असतेच ना,” ज्युस्तीन पुटपुटली. चेहरा पांढराफटक. “मी साध्या पत्राच्यासुद्धा तीन काढते. प्रत काढल्याशिवाय कुणी मूळ कागद कपाटात ठेवतं का?”

तिनं पर्स उचलली, डोकं दुखतंय म्हणाली, आणि अर्धं ताट टाकून निघून गेली. ओक्ताव्ह तिच्या पाठीकडे बघत राहिला.

४

“योलांद! गुरुवारच्या फिल्मची शेपटी कुठाय?”

संकलनाच्या खोलीत लाकडी चौकटीला फिल्मचे तुकडे पताकांसारखे टांगले होते आणि खाली कापडी पिंपात लोंबत होते. योलांद तोंडात चिकटपट्टी धरून काम करत होती.

“कसली शेपटी?”

“त्या दिवशी ऊन पळत होतं म्हणून सुरुवातीला क्लॅपची पाटी वाजवली नाही ना? मग शेवटी वाजवली असणार, उलटी धरून.”

“अर्थात. चित्र आणि आवाज जुळवायचे कसे नाहीतर?”

“म्हणजे प्रसंग संपल्यावरही पाटी येईपर्यंत कॅमेरा चालूच होता!”

योलांदच्या तोंडातून चिकटपट्टी पडली. “एर्मीन, तू डाकीण आहेस.” तिनं पिंपात कोपरापर्यंत हात घातला, सात-आठ पताका चाळल्या आणि एक तुकडा ओढून काढला. “पाटी वाजते, आणि पुढेही आहे. गॉबेर थांबा म्हणायला विसरला होता. रडत होता ना मेला. सात सेकंद आहेत.”

छोट्या पडद्यावर तुकडा सरकू लागला. कॅनॉलचा दरवाजा, ऊन, उलटी पाटी. मग ल्युसेत कॅमेऱ्याच्या पलीकडे, काठावरच्या तिच्या गाडीकडे वळली, दोन्ही हात उंचावून काहीतरी ओरडली.

“पुन्हा,” एर्मीन म्हणाली. “पुन्हा. अजून एकदा, हळू.”

पाचव्या वेळी तिनं पेन्सिल खाली ठेवली.

“काय म्हणतेय?” योलांदचा जीव राहीना.

“म्हणतेय, ‘ज्युस्तीन! तुझं वाक्य! आता तरी कळेल का त्या म्हाताऱ्याला?’”

योलांद मटकन स्टुलावर बसली. “म्हणजे ज्युस्तीन त्या गाडीत होती!”

“आणि मला म्हणाली घरी झोपले होते. वाक्य तिचं. पहाटे ल्युसेतच्या हातात दिलं तिनंच, आणि ते लपवायला ल्युसेतनं गॉबेरला ओक्ताव्हचं नाव सांगितलं, आणि ज्युस्तीननं ओक्ताव्हला ल्युसेतचं. काल टेप शेवटपर्यंत ऐकली, तेव्हा आपलं नाव कानावर पडलं तिच्या. सोमवारी आवाज जुळवताना अख्ख्या खोलीला हे ऐकू गेलं असतं.”

“पण चोरी ओक्ताव्हनं कशावरून नाही केली?”

“टेपच्या शेवटी काय आहे, हे त्याला ठाऊकच नाही,” एर्मीन म्हणाली. का ठाऊक नाही, ते तिनं सांगितलं नाही. “आणि वाक्य आपलं म्हणून मिरवायची आयती संधी होती, तीही घेतली नाही त्यानं. प्रत असेल असं समजून टेप नेणारी ही टायपिस्टच. प्रतीत फक्त कामाचा प्रसंग असतो, शेपटी नाही, तेव्हा मूळ टेप गेली तरी पिक्चर सुखरूप राहील, असं वाटलं तिला.”

“एवढी लाज कशाची? वाक्य तर सोन्यासारखं आहे!”

“अगं, वाक्य कशाबद्दल आहे ते बघ ना!”

योलांदनं बघितलं. मग तिनं तो तुकडा पिंपात परत न टाकता जपून गुंडाळला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते.

५

एर्मीननं ज्युस्तीनच्या घरी चिठ्ठी धाडली: ‘एकट्याच या. पावणेचार.’ हा मामला दाराआड मिटवायचा, टेप निमूटपणे खोक्यात परतवायची, असा तिचा बेत.

पावणेचारला ज्युस्तीन पडद्याच्या खोलीत आली. हातात टोपीचा गोल डबा घट्ट धरलेला, आणि मागे ओक्ताव्ह.

“ही रडतेय आणि कारण सांगत नाही,” तो म्हणाला. “म्हणून मीही आलो.”

झालं! बेताचा पार बोऱ्या वाजला. गॉबेर पत्र हातात नाचवत उभा. रेमी ‘माझा आवाज सापडला का’ म्हणून विचारत आलेला. अनातोल शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसला होता, स्वतःच्याच तेराव्याला आल्यासारखा.

“मादमोआझेल, काही सांगायचंय?” एर्मीननं विचारलं.

ज्युस्तीननं ओक्ताव्हकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, आणि तिनं नाही म्हणून मान हलवली.

“चार वाजायला सहा मिनिटं,” गॉबेर म्हणाला. “मी चाललो.”

एका बाजूला या दोन म्हाताऱ्या जीवांची बावीस वर्षांची झाकली मूठ, दुसऱ्या बाजूला अनातोलचं आख्खं आयुष्य. तिनं अनातोलच्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं आणि योलांदला खूण केली. दिवे गेले.

पडद्यावर ऊन आलं. पाटी उलटी झाली. ल्युसेत वळली, हात उंचावले, ओठ हलले. आवाज नाही. गॉबेर म्हणाला, “हे काय? यातून काय कळणार?”

“पुन्हा दाखवा,” ओक्ताव्ह म्हणाला.

तो उठून पडद्याच्या अगदी जवळ गेला होता. योलांदनं पुन्हा दाखवलं. दिवे लागले, तेव्हा तो पडद्याकडे तोंड करूनच उभा होता.

“‘ज्युस्तीन,’” तो सावकाश म्हणाला, “‘तुझं वाक्य. आता तरी कळेल का त्या म्हाताऱ्याला?’”

“तुम्हाला कसं कळलं?” गॉबेर ओरडला.

“चार वर्षं मी दुसऱ्या कशानं ऐकतोय असं वाटतं तुम्हाला?” ओक्ताव्ह वळला. “बहिरा आहे मी, गॉबेर. ठार. उद्या छापून आणा हवं तर.”

ज्युस्तीन उठली. डब्याचं झाकण काढून तिनं टेप दोन्ही हातांनी अनातोलपुढे धरली. हुंदके देत म्हणाली, “मीच नेली. प्रत असेल असं वाटलं हो मला. तुमच्यावर येईल हे स्वप्नातसुद्धा नव्हतं. मस्यू गॉबेर, ते पत्र माझ्या नावानं लिहा.”

अनातोलनं आधी टेप उजेडात धरून कडा तपासल्या, बोटानं गुंडाळी चाचपली, कानाशी नेऊन हलवली. अख्खी होती. मग त्याचा चेहरा असा काही फुलला, की एर्मीनला रडूच फुटलं.

“शहाण्या बाई,” तो ज्युस्तीनवर डाफरला, “एकदा विचारायचं तरी! तेवढा तुकडा मीच कापून तुमच्या हातात दिला असता. आणि पोटातलं कोणाला सांगितलं नसतं.”

गॉबेरनं पत्राचे चार तुकडे केले, ते कुठे टाकावेत ते न सुचून खिशात घातले आणि अनातोलचे दोन्ही हात धरले. “मी गाढव आहे,” तो म्हणाला.

“हो,” अनातोल म्हणाला. “आता हात सोडा, मशीन लावायचंय.”

टेप लागली. ल्युसेतचा आवाज खोलीभर पसरला, थोडा खरखरीत, पहाटेच्या जागरणानं कापणारा. ओक्ताव्हनं स्पीकरच्या लाकडावर तळवा टेकवला होता. “तीनदा नाही म्हटलं, कारण चौथ्यांदा कुणी विचारतं का, ते बघायचं होतं.” रेमीसुद्धा आपला बोकडाचा आवाज विसरून नाक ओढू लागला.

ओक्ताव्हनं हात काढला. बोटांवर मोजायला सुरुवात केली.

“लढाईच्या दुसऱ्या वर्षी, स्टेशनवर. नाही म्हणालीस,” तो ज्युस्तीनला म्हणाला. “सेहेचाळीस साली, माझ्या पहिल्या बक्षिसाच्या दिवशी. नाही. मग बावन्न साली. तेव्हा तर तू टाइप करणंसुद्धा थांबवलं नाहीस.”

“लोक म्हणाले असते, टायपिस्टनं मोठा माणूस गटवला,” ज्युस्तीन म्हणाली. “आणि मग तुम्ही विचारणंच सोडलंत.”

“मला वाटलं, तीन म्हणजे पुष्कळ झाले. आणि नंतर बहिरा झालो. बहिऱ्यानं कुठल्या तोंडानं विचारायचं?” त्यानं कोटाची बटणं लावली, गळपट्टा सरळ केला. अडुसष्ट वर्षांच्या माणसाचा आवाज एकदम पोरासारखा फुटला. “ज्युस्तीन, माझ्याशी लग्न करशील का?”

आणि गलका उसळला. गॉबेर टाळ्या पिटू लागला, योलांद किंचाळली, रेमी म्हणाला की हा प्रसंग त्याला हवा होता. “ए, गप्प बसा सगळे!” अनातोल गरजला. “शांतता! उत्तर येतंय!”

खोली चिडीचूप झाली. ज्युस्तीननं तोंड उघडलं, पण आवाज फुटलाच नाही. नुसते ओठ हलले. ओक्ताव्हनं ते पाहिलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या छातीशी घट्ट धरले.

“काय म्हणाली?” गॉबेर कुजबुजला. “एर्मीन, अहो, काय म्हणाली ती?”

“हो म्हणाली,” एर्मीननं डोळे पुसत सगळ्यांना सांगून टाकलं.

अनातोल मात्र मशीनवरून मान वर न करता कुरकुरला, की इतकं मोठं वाक्य, आणि बाईंनी आवाजच दिला नाही.